जुन्या मोटारीचा टायमिंग बेल्ट

हडपसरच्या मुख्य चौकाला लोक आजही गाडीतळ म्हणतात. नांव जुनें आहे आणि अर्थपूर्णही आहे. जेथें गाड्या सोडावयाच्या, बैलांना वैरण-पाणी दाखवावयाचें, चाकांना वंगण घालावयाचें, तो गाडीतळ. त्या काळच्या गाडीवानाला आपल्या गाडीचा एकूण एक अवयव नांवानिशीं ठाऊक असे. आंख, तुंबा, आरे, धाव हे त्याच्या रोजच्या बोलण्यांतले शब्द. धाव सैल झाली तर ती कोणत्या लोहाराकडून चढवून घ्यावी आणि बाभळीचे पक्के आरे कोणत्या सुताराकडे मिळतात, हेंही त्याला कोणी सांगावें लागत नसे. आज त्याच चौकांतून मोटारींची रांग हलतां हलत नाहीं. परंतु त्या रांगेंतील किती मालकांना आपल्या गाडीच्या पोटांत काय फिरतें आहे, तें माहीत असतें? अशाच एका दृष्टीआड असलेल्या अवयवासंबंधीं, आणि तो बदलावयाचा झाल्यास अस्सल माल कसा शोधावा यासंबंधीं, आज मी आपणांशीं बोलणार आहें.

पुष्कळ मोटारींच्या इंजिनाच्या एका अंगाला, झांकणाच्या आड, एक दांतेरी रबरी पट्टा असतो. कारागीर त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात, आणि दुकानांतही तो याच नांवानें मिळतो. त्याचें काम काय? इंजिनाच्या तळाशीं क्रँक फिरत असतो आणि माथ्यावर झडपा उघडणारा कॅमशाफ्ट फिरत असतो. क्रँकचे दोन फेरे झाले कीं कॅमशाफ्टचा बरोबर एक फेरा व्हावयास पाहिजे. एका दांताचाही फरक खपत नाहीं. क्रँक मिनिटास ३००० फेरे घेत असला तर प्रत्येक झडप सेकंदास २५ वेळां उघडते आणि मिटते. पिस्टन वर येईल त्या क्षणीं झडपेनें वाट मोकळी करून दिलेली असली पाहिजे. हा सारा शिष्टाचार तो एक पट्टा संभाळीत असतो.

डिझेलच्या इंजिनांत तर हवा अतिशय दाबली जाते, आणि म्हणून पिस्टन माथ्याशीं आला म्हणजे त्याच्या व झडपांच्या मध्यें फारच थोडी जागा उरते. अशा इंजिनाचा पट्टा तुटला, किंवा त्याचे चार दांत झडले, तर कॅमशाफ्ट जागच्या जागीं थांबतो. पिस्टन मात्र वेगाच्या भरांत वर येतच राहतात आणि उघड्या राहिलेल्या झडपांवर आदळतात. झडपा वांकतात, कधीं कॅमशाफ्ट मोडतो, कधीं पिस्टनही दुखावतो. कांहीं शेंकडे रुपयांचा पट्टा तुटल्यामुळें होणारा खर्च मग जुन्या गाडीच्या किंमतीशींच स्पर्धा करूं लागतो. शिवाय प्रश्न केवळ पैशाचा नाहीं. हडपसरहून सासवडकडे जातांना दिवे घाट लागतो. त्या घाटांत इंजिन एकाएकीं बंद पडलें तर स्टिअरिंग जड होतें, आणि दोनतीनदां दाबल्यावर ब्रेकही कठीण होतो; कारण हाताला आणि पायाला मिळणारें साहाय्य इंजिनाच्याच जिवावर चाललेलें असतें. गाडींत मुलेंबाळें असतांना हा प्रसंग कोणावर येऊं नये.

पूर्वीच्या बहुतेक इंजिनांत हें काम सांखळी किंवा दंतचक्रें करीत. मोठ्या संख्येनें विकल्या गेलेल्या मोटारींत रबरी पट्टा प्रथम आणला तो पश्चिम जर्मनीतील ग्लास या कारखान्यानें, १९६० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत. पट्ट्याचा आवाज कमी, वजन कमी, त्याला वंगण नको आणि किंमतही थोडी. एवढे गुण पाहून अनेक कारखान्यांनीं तो उचलला. अवगुण एकच, कीं त्याला ठराविक आयुष्य आहे. वरून तो रबराचा दिसतो, पण त्याचें बळ आंतील कांचेच्या तंतूंत असतें आणि दांतांवर नायलॉनचें कापड असतें. उष्णतेनें रबर कडक होतें, तेल लागलें कीं तें फुगतें, आणि गाडी उभी राहिली तरी काळ त्याला सोडीत नाहीं. म्हणूनच कारखानदार किलोमीटर आणि वर्षें अशा दोन मर्यादा सांगतात व जी आधीं येईल ती पाळावयास सांगतात. सांखळी झिजली तर खडखडून बोलते तरी. पट्टा बहुधा मुकाट्यानें जातो.

पुणेकरांना हा विषय विशेष जवळचा आहे. १९९८ च्या डिसेंबरांत टाटांची इंडिका ही मोटार लोकांपुढें आली, आणि ती पिंपरीस तयार होत असे. तिच्या १४०५ घनसेंटिमीटरच्या डिझेल इंजिनांत हा पट्टा कॅमशाफ्ट आणि इंधनाचा पंप अशा दोहोंना फिरवितो. २०१८ सालीं त्या गाडीचें उत्पादन थांबलें. परंतु कारखान्यांतील रांग थांबली म्हणून रस्त्यावरची गाडी थांबत नाहीं. खाजगी मोटारीची नोंदणी आरंभीं १५ वर्षांची असते, आणि तपासणींत गाडी उतरली तर ती पुढें पांच पांच वर्षांनीं वाढवून मिळते. अशा म्हाताऱ्या पण धडधाकट गाड्या पुष्कळ घरांत आहेत. त्यांचे मालक कांहीं हौसेखातर, कांहीं काटकसरीसाठीं, रविवारीं स्वतःच पाने घेऊन बसतात. त्यांच्यापुढील खरी अडचण पाने फिरविण्याची नसते. योग्य माल कोठून आणावयाचा, ही असते.

येथें पहिली गोष्ट ही, कीं माल गाडीच्या नांवानें मागूं नये, इंजिनाच्या नांवानें मागावा. दुकानांत नेहमीं ऐकूं येणारें संभाषण साधारण असें असतें:

“शेठ, इंडिकाचा टायमिंग बेल्ट द्या.”

“कोणती इंडिका, काका?”

“पांढरी.”

“रंग राहूं द्या, काका. साल सांगा, इंजिन सांगा.”

दुकानदाराचें म्हणणें थट्टेचें नसतें. २००८ सालीं इंडिका व्हिस्टा आली, तिचेंच उदाहरण घ्या. त्या एका नांवाखालीं १.४ लिटरचें टीडीआय डिझेल इंजिन मिळे, आणि १.३ लिटरचें क्वाड्राजेट डिझेल इंजिनही मिळे. पहिल्यांत पट्टा आहे, दुसऱ्यांत सांखळी. शेजारच्यांच्या व्हिस्टाचा पट्टा बदलला म्हणून आपल्याही व्हिस्टाचा बदलावयास निघालेला मनुष्य कदाचित् नसलेल्या वस्तूच्या शोधांत दिवस घालवील. म्हणून घरून निघतांना नोंदणीच्या पुस्तकावरून चॅसी नंबर व इंजिन नंबर उतरून घ्यावा. चॅसी नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो, आणि टाटांच्या गाड्यांचा एमएटी या अक्षरांनीं सुरू होतो. अधिकृत विक्रेता त्या नंबरावरून आपल्या यादींत पाहून सुट्या भागाचा क्रमांक सांगूं शकतो. हा क्रमांक हातीं आला कीं निम्मा शोध संपला असें समजावें. गाडी दुसऱ्या हातची असेल तर इंजिनावर कोरलेला नंबर पुस्तकाशीं ताडून पाहावा. जुन्या गाडींत इंजिन बदललेलें असणें अशक्य नाहीं.

जुना पट्टा दिसत असेल तर त्यावरील छापही वाचावी. दांतांची संख्या, रुंदी आणि दांतांचा आकार या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. कांहीं पट्ट्यांचे दांत चौकोनीसर असतात, कांहींचे गोलसर. लांबी-रुंदी सारखी असली तरी एका घाटाचा पट्टा दुसऱ्या घाटाच्या पुलीवर चालत नाहीं. तो बसल्यासारखा दिसतो आणि पुढें दांत खातो. मात्र जुन्या पट्ट्यावर सर्वस्वी विसंबूं नये. आधींच्या कारागिरानें चुकीचाच बसविला नसेल कशावरून? म्हणून यादींतला क्रमांक हा मुख्य पुरावा आणि जुना पट्टा हा साक्षीदार, असा क्रम ठेवावा.

दुसरी गोष्ट, नुसता पट्टा घेऊं नये, संच घ्यावा. पट्ट्याला ताण देणारी एक पुली असते, तिला टेन्शनर म्हणतात. पुष्कळ इंजिनांत वाट दाखविणारी आणखी एक पुली असते, ती आयडलर. दोहींच्या पोटांत बेअरिंग असतें. ज्या फेऱ्यांनीं पट्टा थकतो, त्याच फेऱ्यांनीं हीं बेअरिंगेंही थकतात. नवा पट्टा जुन्या टेन्शनरवर चढविणें म्हणजे नव्या दोरानें जुनी खुंटी ताणण्यासारखें आहे. दोर शाबूत राहतो आणि खुंटी उपटून येते. बेअरिंग अडकलें कीं नवा पट्टाही कांहीं वेळांत फाटतो. त्याचबरोबर क्रँक आणि कॅमशाफ्ट यांच्या तोंडाशीं असलेलीं ऑइल सीलें पाहावीं. त्यांतून तेल झिरपत असेल तर तें पट्ट्यावरच येणार. कांहीं इंजिनांत वॉटर पंपही याच पट्ट्यावर फिरतो. तसें असेल तर तोही याच वेळीं बदलावा, कारण पुढें पंप गळूं लागला म्हणजे सारें उघडण्याचे कष्ट पुन्हां करावे लागतात. ज्या बोल्टांविषयीं कारखान्याच्या पुस्तकांत एकदांच वापरा असें लिहिलें असेल, ते बोल्टही यादींत घालावे.

आतां माल मिळावा कोठें? हडपसरकरांना सोलापूर रस्त्यानें पुलगेटवरून नाना पेठ गांठतां येते. तेथें मोटारींच्या सुट्या भागांचीं दुकानें ओळीनें आहेत, आणि गल्ल्यावरच्या अनुभवी माणसाला पुष्कळदां यादीहून अधिक आठवत असतें. कारखान्याच्या अधिकृत वितरकाकडे भाव थोडा चढा असतो, पण क्रमांकाची खात्री असते. पट्टे करणाऱ्या नामांकित कंपन्यांचे संचही मिळतात. गेट्स, कॉन्टिटेक, डेको हीं नांवें या धंद्यांत प्रसिद्ध आहेत. मोटारींचे कारखाने पट्टे आणि बेअरिंगें बहुधा अशाच विशेष कारखान्यांकडून घेतात. तेव्हां कंपनीच्या पेटींतलें तेवढें अस्सल आणि बाकीचें सारें नक्कल, असा समज करून घेण्याचें कारण नाहीं. खरा भेद आहे तो नांवाला जागणारा माल आणि नांव चोरणारा माल, यांच्यांत.

नांव चोरणारा माल ओळखणें सोपें नाहीं, पण कांहीं खुणा आहेत. पेटीवरील छपाई फिक्की किंवा पुसट असणें. पट्ट्याच्या पाठीवर क्रमांक आणि उत्पादनाची खूण नसणें. पेटीवरचा आणि पट्ट्यावरचा क्रमांक निराळा असणें. दांतांच्या कडांवर रबराचे धागे लोंबत असणें. आणि सर्वांत मोठी खूण म्हणजे बाजारभावाच्या निम्म्याहूनही खालीं उतरलेली किंमत. कांहीं कंपन्या पेटीवर पडताळणीची चकती किंवा चौकट लावतात. ती मोबाइलवर तपासण्यास लाजूं नये. घरबसल्या माल मागविणाऱ्यांनीं तर पार्सल उघडतांच, आणि गाडीला पाना लावण्यापूर्वीं, हें सारें पाहावें. जुनी गाडी खोलून ठेवल्यावर चुकीचा माल हातीं आला तर गाडी अंगणांत आणि मालक रस्त्यावर, अशी स्थिति होते. म्हणून नियम असा करावा, कीं संच घरीं येऊन जुळल्याची खात्री झाल्याखेरीज एकही बोल्ट सैल करावयाचा नाहीं.

माल अस्सल असला तरी तो ताजाही असावा. बंद पडलेल्या गाडीचे भाग दुकानांत पुष्कळ दिवस पडून राहतात. पत्र्याच्या छपराखालीं अनेक उन्हाळे काढलेला पट्टा पेटींत असूनही म्हातारा झालेला असतो. उत्पादनाची तारीख विचारावी, पट्टा हातीं घेऊन पाहावा. पाठीवर भेगा किंवा तकाकी दिसली, अथवा तो घडी पडल्याप्रमाणें मोडलेला दिसला, तर घेऊं नये. आंतील कांचेचे तंतू तीव्र घडीनें तुटतात आणि तें वरून दिसत नाहीं. घरीं आणल्यावरही तो पिळूं नये, उलटा करूं नये, खिळ्यावर टांगूं नये.

भंगाराच्या बाजाराविषयीं दोन शब्द. मुंबईस कुर्ल्याला मोडक्या गाड्यांच्या भागांचा मोठा व्यापार चालतो, आणि पुण्यांतही तशीं ठिकाणें आहेत. जुन्या गाडीच्या मालकाला या बाजारांचा मोठाच आधार असतो. दाराची कडी, आरसा, दिव्याची कांच, पट्ट्यावरचें झांकण, लोखंडी पुली या वस्तू तेथून खुशाल घ्याव्या. परंतु पट्टा, टेन्शनरचें बेअरिंग आणि ऑइल सील हे तीन जिन्नस तेथून कदापि घेऊं नयेत. ज्याचें आयुष्य मोजावयाचें आहे, तें किती संपलें हें माहीत नसतांना ती वस्तु स्वस्त मिळाली काय आणि फुकट मिळाली काय, सारखेंच.

या साऱ्या खटाटोपाला एक सार्वजनिक बाजूही आहे. सुटे भाग आणि दुरुस्तीचें ज्ञान खुल्या बाजारांत मिळूं न देणें हा ग्राहकावर अन्याय आहे, असें भारतीय स्पर्धा आयोगानें २०१४ च्या ऑगस्टमध्यें ठरविलें आणि १४ मोटार-कारखानदारांना मिळून सुमारें २५४५ कोटी रुपये दंड सांगितला. त्यावर पुढें अपिलें आणि कज्जे चालले. परंतु ज्याची गाडी त्याला, किंवा त्याच्या विश्वासाच्या कारागिराला, ती दुरुस्त करतां आली पाहिजे, हें तत्त्व त्या निमित्तानें सर्वांपुढें आलें. २०२२ च्या डिसेंबरांत केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानें दुरुस्तीच्या हक्कासाठीं एक माहितीस्थळ उघडलें, आणि त्यांत मोटारींचाही समावेश आहे. हक्क कागदावर आला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण तो बजावावयाचा तर ग्राहकानेंही कागद धरून चाललें पाहिजे. दुकानदार म्हणेल, “पावती कशाला, काका? दहा रुपये कमी करतों.” ते दहा रुपये घेऊं नयेत. पक्क्या पावतीवर सुट्या भागाचा क्रमांक लिहून घ्यावा. माल खोटा निघाला तर ग्राहक आयोगापुढें बोलणारा साक्षीदार तोच.

आतां प्रश्न उरतो तो स्वतः काम करण्याचा. ज्याला पान्याची संवय आहे, ज्याच्याजवळ कारखान्याचें पुस्तक आहे, आवळण्याचा नेमका जोर मोजणारा टॉर्क पाना आहे आणि त्या इंजिनास लागणारी टायमिंगची अवजारें आहेत, त्यानें तें जरूर करावें. अवजारेंही मालाबरोबरच शोधावीं, मागाहून नव्हे. गाडी केवळ जॅकवर ठेवून तिच्याखालीं हात घालूं नये. पक्के घोडे लावावे. खुणा जुळवून पट्टा चढविल्यावर इंजिन चालू करण्यापूर्वीं क्रँक पान्यानें, हातानेंच, दोन पूर्ण फेरे फिरवावा. कोठें अडलें तर जोर न करतां थांबावें. अडलें नाहीं आणि सर्व खुणा पुन्हां आपापल्या जागीं आल्या, तरच किल्ली फिरवावी. डिझेलच्या इंजिनांत इंधनपंपाचीही खूण जुळावी लागते, हें विसरूं नये. ज्याला यांतील एकाही गोष्टीची शंका वाटेल, त्यानें माल स्वतः निवडावा आणि काम मिस्त्रीच्या हातीं द्यावें. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. पूर्वींचा गाडीवान तरी धाव स्वतः थोडाच चढवीत असे? पण लोखंड कसलें आहे, तें तो पाहून घेत असे.

श्रोते हो, या साऱ्याचें सार एवढेंच, कीं पट्टा विकत घेतांना आपण रबर विकत घेत नसतों, खात्री विकत घेत असतों. ती एका दुकानांत, एका पेटींत मिळत नाहीं. क्रमांकानें, संचानें, तारखेनें आणि पावतीनें ती थोडी थोडी जमवावी लागते. आणि जमविलेली खात्री पुढच्या माणसालाही मिळावी म्हणून शेवटचें एक लहानसें काम करावें. एका चिठ्ठीवर तारीख, त्या दिवशींचे किलोमीटर आणि पट्ट्याचा क्रमांक लिहून ती बॉनेटच्या आंतल्या बाजूस चिकटवून ठेवावी. पांच वर्षांनीं बॉनेट उघडणारा हात आपला असेल, मुलाचा असेल किंवा गाडी विकत घेणाऱ्या एखाद्या अनोळखी गृहस्थाचा असेल. त्याला अंदाजानें चालावें लागणार नाहीं.